टायपिंगचं बिल

आमच्या डीटीपीच्या दुकानात एक जुना संगणक केवळ पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी जिवंत ठेवलाय. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची; युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत, तिला कळत नाही. पण आमची जुनी सगळी कामं त्यातच अडकलीत.

पूर्वी गिऱ्हाईक हाताने लिहिलेले कागद आणायचं, मी पानामागे पैसे घ्यायचो. आता मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, बहुतेकदा बोलून टाइप केलेला. "टाइप मीच केलंय, मग पैसे कसले?" बरोबरच आहे म्हणा. पण परवा एका लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.'चं 'चिंचोका' झालं होतं! नवरीच्या बापाला ते मी दाखवेपर्यंत दिसलंच नव्हतं.

खरी कटकट जुन्या फाइलींची. त्यांतल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली. फॉन्ट बदलला की नुसती गिचमीड. युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'ऱ्या'चं काय होईल सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात एका पतसंस्थेचा ६४ पानी अहवाल केला. रूपांतर पाच मिनिटांत झालं, रफार जागेवर आणायला दोन दिवस गेले. बिलात त्या कामाला काय म्हणावं सुचेना. शेवटी 'टायपिंग' असंच लिहिलं.