उन्हाळ्याआधी बॅटरी घरात

आज औशाजवळच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये आमची कॅम्पर व्हॅन लावून आलो. हिवाळ्यात तिनं नळदुर्ग, तेर, वेरूळ दाखवलं. आता पावसाळ्यापर्यंत आराम.

आण्णा म्हणाले, "गाडी उभीच राहणार हाय, मग वायरी कशाला सोडवायलास?"

सगळे दिवे बंद असले तरी गॅस अलार्म, स्टिरिओची मेमरी, चालू राहिलेला इन्व्हर्टर थोडा थोडा करंट ओढतच असतात. नुसते ५० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात. आमची लेड-ॲसिड बॅटरी १०० अँपिअर-तासांची, त्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे दीड महिन्याच्या आत खेळ खलास! शिवाय रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते सहजी निघत नाही. म्हणून पूर्ण चार्ज केली, थोडा वेळ थांबून १२.७ व्होल्ट बघितले, डिस्टिल्ड वॉटर तपासलं आणि आधी निगेटिव्ह वायर सोडवली. (लिथियमवाल्यांनो, तुमचं वेगळं. ती निम्म्या चार्जवर ठेवलेली बरी.)

आपल्याकडचा मे महिना बॅटरीला फार सोसत नाही. उष्णतेनं ती आपोआप लवकर उतरते. त्यामुळे शेडमध्ये न ठेवता घरात, माळवदाच्या गार खोलीत आणली. दर महिन्याला चार्जर लावायचं काम आण्णांनी स्वतःहून घेतलंय. मल्टिमीटर कसा धरायचा ते दाखवलं, तर त्यांनी लगेच ट्रॅक्टरची बॅटरीपण मोजून घेतली. फार बरं वाटलं.