समोच्च रेषा आणि पांझरेचा पाट

नववीत असताना आपल्या शाळेतील भूगोलाच्या सरांनी आमच्या हाती १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा दिला आणि सगळ्या वर्गाला धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या बंधाऱ्यावर नेले. त्या नकाशात दोन समोच्च रेषांमधील (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) अंतर वीस मीटर उंचीचे असते, हे आम्हाला पाठ होते. मात्र ज्या पाटाने फडांना, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर एकत्र भिजणाऱ्या शेतांच्या गटांना, पाणी जाते त्याचा उतार इतका सूक्ष्म असतो की तो त्या नकाशावर कुठेच सापडत नाही, हे सरांनी तेथे उभे राहून दाखवले. पाटकरी दादा फावड्याने चारीचे तोंड मोकळे करत होते आणि पाणी कोणत्याही यंत्राशिवाय नेमके हवे तेथे वळत होते. मी लँडस्केप आर्किटेक्ट झाले, त्याची सुरुवात मी त्या दिवसापासून मोजते.

तीनशे वर्षांहून जुनी ही फड पद्धत आजही मला विस्मित करते. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. त्यामुळे पाणी कमी पडलेल्या वर्षी काही फड कोरडे ठेवले, तरी झळ एकट्यादुकट्याला न बसता सर्वांना सारखी बसते. जमिनीच्या आखणीतच न्याय गुंफण्याचे याहून चांगले उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना देऊ शकलेले नाही.

आर्किटेक्चरची पदवी आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षण यांनी मला रेखांकन दिले. पण जमीन मी पुन्हा एकदा चूक करूनच शिकले. जळगाव जिल्ह्यातील एका संस्थेच्या आवारात मी विस्तीर्ण हिरवळ आणि फरसबंद पायवाटा आखल्या. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळून आकसते, हे लहानपणापासून पाहिलेले असूनही मी खाली मुरमाचा पुरेसा थर दिला नाही. दुसऱ्याच उन्हाळ्यात फरश्या वरखाली झाल्या आणि टँकरचे पाणी घालूनही हिरवळ जळून गेली. ही चूक सर्वस्वी माझी होती. नंतर त्याच जागी उताराला आडवे चर काढून कडुनिंब लावले, आणि मुरमाड कोपऱ्यात, जेथे दुसरे काही धरत नव्हते, तेथे आपल्या सातपुड्यातला अंजन वृक्ष लावला; त्याचे खोल जाणारे मूळ अशाच जमिनीसाठी असते.

गेली अठरा वर्षे मी पुण्यात शिकवते. दरवर्षी एका तुकडीला खानदेशच्या जुन्या राजधानीत, बुऱ्हाणपूरला, कुंडी भंडारा दाखवायला नेते. १६१५ मध्ये उभारलेल्या या योजनेत सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि विहिरींच्या माळेतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले आहे. (तिथला थंडावा मे महिन्यात अनुभवावा.) परतीच्या वाटेवर आम्ही पांझरेच्या बंधाऱ्यावर थांबतो, आणि नकाशा काढण्याआधी प्रत्येकाने पाट चालून पाहायचा, हा माझा नियम आहे. तो नियम खरे तर सरांचाच आहे.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझ्या विद्यार्थ्यांनी पाण्याच्या नळीने शाळेच्या मैदानाची पातळी मोजली आहे. पावसाचे पाणी कोठे साचते, ते कोठे मुरवता येईल आणि तीन जुन्या कडुनिंबांच्या मुळांपासून खोदाई किती दूर ठेवावी, हे दाखवणारा आराखडा आम्ही मुख्याध्यापकांकडे सोपवला आहे. जूनपूर्वी पहिला चर खणायला मी स्वतः येणार आहे.