शहापूर-धेरंडच्या बांधावरून

अलिबागकडे निघालेल्या गाड्या पोयनाडवरून थेट पुढे जातात. उत्तरेला शहापूर-धेरंडकडे जाणारा फाटा कुणाच्या सहलीच्या यादीत नसतो. वडखळच्या कोंडीवर लिहायचं काही उरलेलं नाही, म्हणून सरळ खारेपाटातच येते. अंबा नदी आणि धरमतर खाडीच्या काठचा हा सपाट मुलूख उधाणाच्या पातळीपेक्षा खाली आहे. बाहेर खाडी, आत भातशेती, आणि मधे मातीचा एक बांध.

बांधावर जायची वेळ तिथीवरून काढावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. उघाडी बघायची ती ओहोटीलाच.

उघाडी म्हणजे बांधाखालची मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की बाहेरचं पाणी तीच झडप चौकटीवर दाबून धरतं. मोटर नाही, पहारा नाही. बिघडते ती साध्या कारणांनी: तोंडाशी गाळ साचतो, ओंडका किंवा प्लास्टिक अडकतं, नाहीतर मासळी आत यावी म्हणून कुणीतरी पाचर मारून ठेवतो. एका उघाडीला अशी पाचर होती. फट जेमतेम दोन बोटांची, पण आतल्या नाल्याच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटली होती आणि ती भाताच्या धसकटांपर्यंत पोचली होती. चार माशांसाठी अख्ख्या शिवाराची जमीन खारवणं मला अजिबात पटत नाही.

समुद्र चढतो त्याचा पहिला फटकाही या झडपेलाच बसतो. जगभरात 2006 ते 2018 या काळात समुद्राची पातळी वर्षाला सरासरी 3.7 मिलिमीटरने वाढली. आकडा किरकोळ वाटतो, पण मोरीचा तळ जुन्या ओहोटीला बेतलेला असतो. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असतं तेवढाच वेळ निचरा होतो, आणि तो वेळ दोन्ही टोकांनी कमी होत जातो. जुलैत मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की लावणी पाण्याखाली राहते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, तर ओहोटीच पुरेशी खाली जात नाही, तेव्हा निचरा आणखी मंदावतो.

बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते तिची सुरुवात बहुधा लहान असते. खेकड्याचं किंवा उंदराचं बीळ, उन्हाळ्यात चिखलाला गेलेली भेग, उपशामुळे खोल झालेल्या खाडीकडे सरकलेला बांधाचा पाया, बार्जच्या लाटांनी निखळलेले दगड. उधाणाचं पाणी तिथून घुसलं की प्रत्येक भरती-ओहोटी ती वाट रुंद करते. बुजवायची ती पावसाळा सरल्यावर, अष्टमी-नवमीच्या भांगात, पाण्याची चढउतार कमी असते तेव्हा. पाण्याने खणलेल्या डोहात माती ओतत बसू नये. डोहाला वळसा घालून आतून नवा बांध धरावा. खुंटांच्या दोन रांगा, मधे फांद्यांचे भारे आणि चिकट चिखलाचे थर. तळ सगळीकडे सारखा उचलत न्यावा, कारण तोंड अरुंद होईल तसा प्रवाहाचा जोर वाढतो आणि शेवटच्या उरलेल्या तोंडातून केलेलं सगळं वाहून जातं. चिखल बसतो, म्हणून उंची जास्तच ठेवायची. पायथ्यालगतची माती उचलायची नाही.

पूर्वी हे काम गाव एकत्र येऊन करायचं. 1979 च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बाहेरच्या बांधांची जबाबदारी शासनाकडे गेली. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यांना भांग-उधाणाचं पंचांग माहीत नसतं. काम लांबलं की खारं पाणी आत रोज येत राहतं आणि त्यासोबत तिवराचं, म्हणजे कांदळवनातल्या झाडाचं, बी. आज बांधाच्या आत, जुन्या बांधांच्या चौकोनांतच, तिवरं डोक्यावर गेलेली दिसतात. बांधाबाहेरचं कांदळवन लाटा अडवतं, ते हवंच. पण आतलं तिवर ही वेळेवर न झालेल्या दुरुस्तीची निशाणी आहे. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्याने ते तोडता येत नाही. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आणि शिवारात खाडी, अशी गत होते.

याच भागात 1933 ते 1939 चरी गावच्या कुळांचा संप झाला. नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभी राहिलेली कुळं सहा वर्षं खोतांविरुद्ध टिकली, ती याच जमिनीसाठी. मांडव्याची रो-रो बोट 2020 मधे आणि अटल सेतू 2024 मधे सुरू झाल्यावर मुंबई जवळ आली. नापीक ठरलेल्या शेतावर भराव टाकायला गिऱ्हाईक लगेच मिळतं. भराव टाकला की पाणी साठायची जागा जाते आणि शेजारच्याच्या शेतात ढोपरभर पाणी चढतं.

जेवणाबद्दल एवढंच की घरामागच्या तळ्यातल्या जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळाली तर अलिबागच्या हॉटेलांची आठवण येत नाही.

बांध नीट झाला तरी जमीन त्याच वर्षी पिकत नाही. शेतात बांधोळ्या, म्हणजे लहान बांध, घालून पावसाचं गोडं पाणी कोंडायचं, क्षार विरले की ओहोटीला उघाडीतून सोडायचं, पुन्हा कोंडायचं. असे दोन-तीन पावसाळे जातात. तोवर लावायला जुना राता भात आहे, किंवा पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल 1, 2, 3 या जाती. उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर चढतं, म्हणून पहिल्या पावसाचं पाणी शेतात न ठेवता आधी बाहेर काढून टाकायचं.