तानपुऱ्याचा दोरा

तंतुवाद्यांच्या मिरजेत वाढलेल्या साउंडवाल्याला तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेला येणारी गुंज, चाळिशीत कळावी, यात मिरवण्यासारखं काही नाही. पण झालं तसंच.

गावातल्याच एका सभागृहात गाण्याची बैठक होती. साउंड चेकला बुवांनी खूण केली, तानपुरा द्या. मी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची खिटी, चढवला. परत खूण. परत चढवला, तर मॉनिटरने, म्हणजे गाणाऱ्यांसमोरच्या स्पीकरने, शिट्टी मारली. मी इक्वलायझरमध्ये डोकं घालून बसलो. पहिल्या रांगेतले एक काका, तंतुवाद्यं बनवण्यात हयात गेलेली, उठून स्टेजवर गेले. "अरे, वाढवतोस काय? तो बोलतोय कुठे?"

त्यांनी घोडीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचा, खर्जाच्या तारेखालचा दोरा केसभर सरकवला. मग जोडाचा, पंचमाचा. इतका वेळ नुसती 'ठण्' वाजणारी तार एकदम गुंजायला लागली. घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीला तार घासत राहते, तिथून वरचे स्वर फुटतात. कुठे घासायचं ते दोरा ठरवतो. मी मात्र इतका वेळ भोपळ्याचा घुमारा वाढवत होतो आणि मॉनिटर त्यालाच धरून ओरडत होता. फेडर होता त्याच्याही खाली आणला. बुवांनी मान डोलावली.

तेव्हापासून मिक्सर चालू करायच्या आधी मी स्टेजवर जाऊन मांडी घालून बसतो. माईक बंद. तबलजींना म्हणतो, दादा, जरा ठेका धरा. एसी किंवा लाइट अंगावर येत असतील तर तबला आत्ताच सुरात लावून घ्या, कारण चामडं हवेप्रमाणे उतरतं-चढतं. पेटीचा माईक भात्यापासून लांब, नाहीतर धाप ऐकू येते. गाणारे माईकपासून लांब बसत असतील तर आवाज वाढवण्याआधी स्टँड पुढे घेतो. अंतर दुप्पट झालं की ढोबळमानाने 6 डेसिबल जातात, आणि ते मिक्सरवर भरून काढले की पंखासुद्धा गायला लागतो. मॉनिटरमध्ये "मला वाढवा" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, "दुसरं काय कमी करू?" निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. काही जण चिडतातही.

माझ्या बॅगेत आता केबल टेस्टरशेजारी सुती दोऱ्याचं रीळ असतं. दोरा मी स्वतः लावत नाही, तेवढी अक्कल आहे. वाजवणाऱ्याच्या हातात देतो. परवा एका पोराने माझ्यासमोर मोबाइलवरचा तानपुरा ठेवला आणि म्हणाला, "काका, याला माईक कुठे लावणार?"

केबल दिली त्याला.