दीडशे रुपये आणि जिनिव्हा

केशरी कार्डवाले शेतकरी आता आमच्या रेशन दुकानावर धान्याला येत नाहीत. बीडसह १४ जिल्ह्यांत २०२३ पासून त्यांना धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर मिळू लागले, पुढं त्याचे १७० झाले. येतात ते "पैसे पडले का?" विचारायला. मी काय सांगणार? माझ्या ई-पॉस मशीनला अंगठा कळतो, बँक नाही.

आधी याच कार्डावर माणशी पाच किलो धान्य होतं, गहू दोन रुपयांनी, तांदूळ तीन रुपयांनी. बाजार कितीही चढो, माप पाचच किलोचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गहू घरात आला की त्याची भाकरी-पोळी होती रे. पैसा आला की आधी कृषी सेवा केंद्रवाल्याची उधारी."

पारावर विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हे समदं डब्ल्यूटीओमुळं." म्हणजे जिनिव्हात बसणारी जागतिक व्यापार संघटना. अर्धंच खरं आहे ते. गरिबाला स्वस्त धान्य देण्याला तिथं हरकत नाही. हरकत आहे ती सरकारनं हमीभावानं खरेदी करण्याला. पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांवर हा आधार गेला, की नियम मोडला. आणि तो मोजायचा कशाशी, तर १९८६-८८ च्या जागतिक भावाशी! १९८६-८७ ला भाताचा हमीभाव क्विंटलला १४६ रुपये होता, २०२४-२५ ला २,३००. माझ्या काट्यावर मला ठरल्या मुदतीत वैधमापनवाल्यांचा शिक्का मारून घ्यावा लागतो. जिनिव्हाचा काटा जवळजवळ चाळीस वर्षं कुणी तपासलेला नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये बालीला डब्ल्यूटीओच्या बैठकीत भारतानं भांडून या नियमातून सवलत मिळवली, पण ती तेव्हा चालू असलेल्या योजनांपुरतीच. कायमचा तोडगा अजून लोंबकळतोय. थेट खात्यावर पैसे टाकायला मात्र तिथं फारशी आडकाठी नाही.

तरी हे दीडशे रुपये जिनिव्हानं लादले असं मी म्हणणार नाही. केंद्रानं या योजनेचा गहू-तांदूळ बंद केला आणि राज्यानं सोपी वाट धरली. कार्डांचे पिवळा, केशरी, पांढरा हे रंगसुद्धा १९९९ ला मुंबईतच ठरले होते. बाहेरच्या नियमाकडं बोट दाखवलं की इथल्या साहेबांना उत्तर द्यावं लागत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

साहेबांना स्वतःला महागाई भत्ता आहे. तो १७० रुपयांना का नाही, हे तहसीलच्या पुढच्या मीटिंगला उठून विचारणार आहे.