तोंडी वाटणी आणि २००९चा इकरार

हवेली तालुक्यातली वडिलोपार्जित तीन एकर जिरायत, वाटपाचा दावा, शिवाजीनगर कोर्ट. माझ्या अशील मावशींचं लग्न १९८३ला झालं, वडील गेले १९९९ला. भावांच्या लेखी कैफियतीत नेहमीचंच पालुपद: २००२ साली तोंडी वाटणी झाली, आता वाटायला काही उरलं नाही. साल बरोबर हेरलं होतं. २० डिसेंबर २००४च्या आधी झालेल्या वाटणीला हिंदू वारसा कायद्यातली, मुलींना मुलांसारखा हिस्सा देणारी २००५ची दुरुस्ती हात लावत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल (११ ऑगस्ट २०२०) बार रूममध्ये सगळ्यांना एका ओळीपुरता पाठ असतो: मुलीचा हक्क जन्मानं, ९ सप्टेंबर २००५ला वडील हयात असायची गरज नाही. हेडनोटच्या, म्हणजे वरच्या सारांशाच्या, पुढे वाचायचे कष्ट कोण घेतो? दाव्यात कामाला येतो तो तोंडी वाटणीचा भाग. नुसत्या तोंडी पुराव्यावरची वाटणी फेटाळावी. अपवाद करायचाच तर पाठीशी सरकारी दप्तराचा भक्कम आधार हवा.

म्हणून १९९९पासूनचे सगळे फेरफार, म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या बदलांच्या नोंदी, काढले. वारसनोंदीत थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मावशींचं नाव सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात. आणि २००९चा एक फेरफार, सोसायटीच्या पीककर्जाच्या इकराराचा, म्हणजे कर्जासाठी जमिनीवर बोजा लिहून दिल्याच्या कागदाचा. सोसायटीकडून मूळ इकरार मागवून घेतला.

उलटतपासात थोरला पिंजऱ्यात.

"हा इकरार तुम्हीच करून दिलात?"

"हो. सही माझीच."

"नावापुढे ए.कु.मॅ. आहे. म्हणजे तेव्हा कुटुंब एकत्र होतं?"

तो त्याच्या वकिलांकडे बघायला लागला. न्यायाधीश म्हणाले, "तिकडं नाही, इकडं बघून सांगा."

"कागदोपत्री एकत्रच होतं, साहेब."

साहेबांनी टंकलेखकाला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, सन २००९मध्ये कुटुंब एकत्र होते." समोरच्या वकिलांनी हरकत घेतली खरी, पण वाक्य जबाबात गेलं होतं. असं वाक्य मिळायला वकिलाला वर्षानुवर्षं तारखा घालाव्या लागतात.

दुपारी मावशी म्हणाल्या, "वकीलसाहेब, थोरला बावीस गुंठे द्यायला तयार झालाय. मिटवून टाका."

हिस्सा तिसरा, म्हणजे चाळीस गुंठे. मी चिडलोच. त्यांनी शांतपणे विचारलं, "निकाल लागला की दुसऱ्या दिवशी जमीन हातात मिळेल?" आता यावर काय सांगणार? आधी प्राथमिक हुकूमनामा, मग कागद कलेक्टरकडे, तिथून तहसीलदार, मग भूमी अभिलेखची मोजणी, आणि अधेमधे अपील. सर्वोच्च न्यायालयानं हक्क जन्मापासूनचा केला, मोजणीची तारीख मात्र अजून खालीच अडकते. उलटतपास आणखी एक तारीख चालू ठेवला असता तर भाऊ तिसापर्यंत आले असते, असं मला अजूनही वाटतं. मावशींचं वय सत्तरीकडे झुकलेलं आहे, हेही दिसतंच.

तडजोड पुरसिस, म्हणजे समझोत्याचं लेखी निवेदन, कोर्टात दिली. बावीस गुंठे मागच्या अंगाला होते, म्हणून वहिवाटीसाठी बारा फुटी रस्ता मी नकाशासह लिहून घेतला. भावांनी सगळ्यात जास्त खळखळ केली ती त्या रस्त्यावरच.