ऑप्टिमिस्ट मोजून घेताना: माझा अनुभव

भाचीसाठी जुनी ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची छोटी शिडाची होडी, घ्यायची ठरली, तेव्हा विकणाऱ्याकडे मी फोटो नंतर मागितले आणि रजिस्ट्रेशन बुक आधी. या होडीचं खरं मोल त्या पुस्तिकेत असतं. हलचा, म्हणजे होडीच्या मूळ सांगाड्याचा नंबर, वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेची प्लाक (पाटी) आणि मोजणीची नोंद जुळली तर ती शर्यतीची होडी. नाही जुळली तर तलावावर हौसेनं फिरवायला ठीक.

शाळेत असताना नेव्हल एनसीसीत मी निळ्या शिडाची एंटरप्राइज नावाची होडी चालवली होती. वारा, शीड, सुकाणू यांचं नातं तेव्हाच कळलं. होडी नियमात बसते की नाही हे कसं ठरतं, ते मात्र ही चिमुकली होडी घरी आल्यावर शिकलो.

ऑप्टिमिस्टची लांबी फक्त 2.30 मीटर. 1947 साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ती प्लायवुडची बेतली, घरच्या घरी कमी पैशांत बांधता यावी म्हणून. पुढे ती डेन्मार्कला गेली आणि तिथून जगभर पसरली. 1965 साली तिची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयओडीए, स्थापन झाली. आज 15 वर्षांपर्यंतची मुलं ती एकट्यानं चालवतात. सगळ्यांची होडी सारखी, म्हणून पुढे जाणारं मूल स्वतःच्या हुशारीवर पुढे जातं. वन-डिझाइन क्लासचा सगळा अर्थ एवढाच आहे, आणि मोजणी हा त्याचा पाया.

नियमावली मी छापून घेतली आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचली. पहिली गोष्ट मनात पक्की केली ती अशी, की हे बंद नियम आहेत. ज्याला स्पष्ट परवानगी नाही ते चालत नाही. क्रिकेटची बॅट घेताना आपण "यात काय चालत नाही" असं विचारतो. इथे उलटं विचारायचं, "यात काय चालतं ते कुठे लिहिलंय?" एखादी जादा कडी, वेगळी पुली, डॅगरबोर्डच्या (मधून पाण्यात खाली सरकवायच्या फळीच्या) कडेला दिलेला थोडा अधिक उतार, कुठल्याही बदलासाठी नियमातलं वाक्य दाखवता आलं पाहिजे. भाचीला हे लवकर पटलं. तिचा प्रश्न वेगळाच होता. "पण मामा, मोजतात काहून? कंपनीनंच सारखी बनवली असंल ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. लेझर नावाच्या दुसऱ्या होडीच्या बाबतीत बरंचसं तसंच चालतं. परवानाधारक कारखान्यातून आलेली होडी तशीच वापरायची, तिला हात लावायचा नाही. ऑप्टिमिस्ट मात्र अनेक देशांत, अनेक कारखान्यांत बनते, म्हणून प्रत्येक हल मोजून नोंदवावी लागते. नुसतं एकूण वजन सारखं असून भागत नाही, हे मी तिला फिन क्लासच्या उदाहरणानं सांगितलं. पूर्वी ऑलिम्पिकमध्ये असलेल्या त्या होडीत वजन मध्यभागी गोळा करून दोन्ही टोकं हलकी ठेवली की ती लाटेवर कमी डुलायची आणि पुढे निघायची. काट्यावर मात्र दोन्ही होड्या सारख्याच. शेवटी जिलबेर लाम्बोले या फ्रेंच मेझररनं, म्हणजे होड्या मोजणाऱ्या अधिकाऱ्यानं, हल टांगून झोका देण्याची चाचणी काढली. झोक्याच्या वेळेवरून वजन कुठे साठलंय ते कळतं. ऑप्टिमिस्टमध्ये असा झोका देत नाहीत. तिथे हलच्या थरांची रचनाच नियमानं बांधून दिली आहे. हे ऐकल्यावर "कंपनीनंच बनवली" हे पुरेसं नाही, ते तिला कळलं.

मग वजन. हल किमान 35 किलो भरली पाहिजे. कमी भरली तर करेक्टर वजनं लावून त्यांची नोंद करावी लागते. जास्त भरली तर नियमाला हरकत नाही, पण ते ओझं मुलानं प्रत्येक शर्यतीत ओढायचं. घरातल्या काट्यावर मला भरवसा नव्हता. नागपुरात कळमन्याला धान्याचा व्यापार करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे प्लॅटफॉर्मचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, वैधमापनचा शिक्का असलेला. "होडी तोलाले आणली का बे?" म्हणत त्यांनी स्वतः गोणपाट अंथरलं आणि आधी 20 किलोचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासून दाखवला. हल त्यावर आडवी ठेवली. ती 35 च्या बरीच वर होती.

जुन्या फायबरच्या होड्यांत हा आजार नेहमीचा आहे. तळाच्या दोन थरांमध्ये फोम असतो. बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि तिथेच बसतं. इथे नागपूरचा उन्हाळा कामी आला. एप्रिल-मेमधली आपली हवा इतकी कोरडी असते की सावलीत ठेवलेली वस्तूही आपोआप सुकते. थेट उन्हात ठेवायची नाही हे मात्र आधीच ठरवलं होतं, कारण 45 अंशांत तापलेली हल वाकली तर वजन बरोबर येईल आणि आकार बिघडेल. दुसरी काळजी कूलरची. होडी ज्या खोलीत ठेवली तिथला कूलर आम्ही पूर्ण बंद केला. कूलरची ओली हवा आणि फोमचं वाळणं एकत्र जमत नाही. घरच्यांनी ते उन्हाळाभर सोसलं, त्यांचे आभार मानावे तेवढे कमीच. अधूनमधून काकांकडे नेऊन तोलत राहिलो. वजन उतरत गेलं, मग एका आकड्यावर स्थिर झालं, 35 च्या थोडंसंच वर. तडे नियमात बसेल अशा रीतीनं, आकार न बदलता बुजवले.

लांबी-रुंदी मोजायला पहाट निवडली. स्टीलचा टेप सहसा 20 अंश तापमानाला प्रमाणित केलेला असतो. आपल्या मे महिन्यातल्या दुपारी तो 2.3 मीटरला साधारण 0.7 मिलिमीटर वाढतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण मर्यादेच्या काठावरचं माप असेल तर शंका कशाला ठेवायची? ज्या गावात झिरो माइलचा दगड आहे, जिथून सर्वेक्षण करणाऱ्यांनी मापं धरली, तिथल्या माणसानं टेपची एवढी बूज राखावी असं मला मनापासून वाटतं.

शिडासाठी आमच्या कॉलनीच्या समाजभवनाची फरशी वापरली. पंखे बंद, कारण वाऱ्यानं कापड उचललं की माप चुकतं. शीड कोरडं हवं, काठ्यांवरून सोडवलेलं हवं, आणि मोजायच्या रेषेवरच्या सुरकुत्या जातील एवढाच ताण द्यायचा. यातली मेख ही की ताण देणारा हात तोच राहिला पाहिजे. एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला भाची, अशी जोडी आम्ही शेवटपर्यंत बदलली नाही. टॅकच्या, म्हणजे शिडाच्या पुढच्या खालच्या, कोपऱ्याजवळ आयओडीएचं लेबल आहे का, भारताची आयएनडी अक्षरं आणि नंबर पुस्तिकेशी जुळतात का, हेही तेव्हाच पाहिलं.

सुरक्षेच्या वस्तू पालक शेवटच्या रात्रीवर टाकतात. मला विचाराल तर त्यांनाच सगळ्यात आधी हात घालावा. किमान 5 मिलिमीटर जाडीचा, 8 मीटर लांबीचा, तरंगणारा, अखंड पेंटर, म्हणजे होडी ओढायची दोरी. पाणी उपसायचा, बांधलेला बेलर. वल्हं. लाइफ जॅकेट आणि शिट्टी. होडी उलटली तरी मास्ट (डोलकाठी) थ्वार्टमधून, म्हणजे आडव्या फळीतून, निसटू नये म्हणून तिची बांधणी. हवेच्या तीन पिशव्या. या पिशव्यांचं एक सांगतो. पहाटे गच्च फुगवलेली पिशवी आपल्याकडच्या दुपारी शिवणीवर ताण आणते, म्हणून होडी उन्हात असणार असेल तर थोडी सैल ठेवायची आणि पाण्यात उतरण्यापूर्वी परत भरायची.

पावसाळ्यात हैदराबादच्या हुसेनसागरवर शर्यत होती. होडी टपावर बांधून आदिलाबादच्या वाटेनं निघालो. तिथे तपासणीची रांग शांतपणे सरकत होती. काटा, मग शीड, मग रडर (सुकाणू) आणि डॅगरबोर्ड, शेवटी सुरक्षेच्या वस्तू. आमचं वजन कळमन्याच्या आकड्याशी जुळलं. माझी छाती खरंच भरून आली, आणि काकांना तिथूनच फोन केला.

एका ठिकाणी मात्र मेझररबाई थांबल्या. ऑप्टिमिस्टचं शीड मास्टला आणि बूमला (शिडाखालच्या आडव्या काठीला) दोरीच्या गाठींनी बांधतात, आणि शीड व काठी यांच्यातलं अंतर कुठल्याही गाठीपाशी 10 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. प्रवासात हलून एक गाठ सैल झाली होती. बाई मला काही बोलल्या नाहीत. भाचीकडे वळून म्हणाल्या, "तुझी होडी आहे, तू बांध." तिनं गाठ सोडली, पुन्हा आवळली, आणि बाईंचा मापाचा तुकडा घेऊन स्वतः अंतर तपासून दाखवलं. मग त्यांनी तिला खाली बसवून समजावलं की या 10 मिलिमीटरच्या आतच कुठली गाठ घट्ट आणि कुठली सैल ठेवायची, ही खेळाडूची कला आहे, वाऱ्याप्रमाणे रोज बदलणारी. त्या दहा मिनिटांत ती जे शिकली ते मला तिला शिकवता आलं नसतं.

शीड, मास्ट, बूम, स्प्रिट (शिडाची तिरकी काठी), डॅगरबोर्ड, रडर, सगळं तपासून झालं. संपूर्ण स्पर्धेत तोच संच वापरायचा असतो. काही हरवलं किंवा दुरुस्तीपलीकडे मोडलं, तरच परवानगी घेऊन बदलता येतं. तपासणी एकदा पार पडली म्हणजे जबाबदारी संपत नाही. शर्यतीच्या नियम 78 प्रमाणे होडी नियमात ठेवणं हे मालकाचं आणि होडीच्या प्रभारी व्यक्तीचं काम शर्यतभर चालू राहतं. भाची आता पाण्यात उतरण्याआधी सगळ्या गाठींवरून मापाचा तुकडा फिरवते, मी सांगावं लागत नाही.

नागपुरात किंवा आसपास कुणाकडे ऑप्टिमिस्ट असेल आणि तपासणीला जायचं असेल, तर आधी पुस्तिका शोधा. काट्याची सोय कळमन्यात होते, टेप माझ्याकडे आहे. मोजायला मात्र सकाळी सातच्या आत या.